स्पीकर बंद आहे

१४ एप्रिल २०१९
आजपासून मोबाइल-शिष्टाचार. कुणीतरी सुरुवात करायलाच हवी, आणि या सोसायटीत माझ्याशिवाय करणार कोण? तळमजल्यावरचे पुंडलिकराव संडासातसुद्धा व्हिडिओ लावून बसतात. ते कुठे आहेत हे सकाळी अख्ख्या बिल्डिंगला कळतं. जिन्यात कागद चिकटवला. चारचौघांत फोनवर मोठ्याने बोलू नये. स्पीकर लावू नये. दुसऱ्याच्या बोलण्याकडे कान देऊ नये.
बायको म्हणाली, अहो, आधी घरात चिकटवा. उमाला विनोद कळतो, विषय कळत नाही. मी स्पीकर लावतो, पण माझं कारण मेडिकल आहे. फोन कानाला लावला की कान तापतो.

१८ एप्रिल, सकाळी
टँकरचा दिवस. बीड बायपासला बिल्डिंगा उठल्या, पाइपलाइन अजून नकाशातच. बोअर तर फेब्रुवारीतच आटला. टँकरवाला कडूबा बिडकीनकडचा. घरी मेंढरं आहेत, चारा नाही, म्हणून हे काम धरलंय. फोन करून ओरडला, सायेब, पानी आलंय, पाइप धरा! मी शांतपणे समजावलं की फोन केल्यावर आधी विचारावं, बोलायला वेळ आहे का. म्हणाला, इचारतो की. पन तुमी नाय म्हनले तर पानी फुडच्या बिल्डिंगला जाईल. आणि ठेवलाच फोन.
पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवलं. तिथे पाणी नव्हतं, पण शिस्त होती.

२२ एप्रिल
हिमानीचा पुण्याहून फोन, नेमका टँकर रिकामा होत असताना. सगळी बिल्डिंग खाली उभी. पोरीचा नेहमीचा पहिला प्रश्न, बाबा, स्पीकरवर आहे का? नाही म्हणालो. यात खोटं काही नाही, आवाज निम्मा केला होता.
ती म्हणाली, कंपनीत मन रमत नाही, राजीनामा द्यावा म्हणतेय, अजून कुणाजवळ बोलले नाही. मी तोंड उघडायच्या आत कडूबा टँकरवरून ओरडला, ताई, सोडू नगा, लई दुष्काळ हाय! पुंडलिकराव म्हणाले, बेटा, आधी दुसरी बघ, मग पहिली सोड. फोन कट.
दुसऱ्याच्या बोलण्याकडे कान देऊ नये, असं जिन्यात स्वच्छ लिहिलंय. वाचतं कोण? या लोकांपायी पोरीला केवढा मनस्ताप.

२८ एप्रिल
हिमानीचा फोन नाही. मी केला तर मेसेज आला, मीटिंगमध्ये आहे. रविवारी कसली मीटिंग? पण मीटिंगमध्ये फोन घेत नाही, हे संस्कार माझेच. बरं वाटलं. फार नाही.

४ मे
घरात नवा नियम. जेवताना दोघांचेही फोन फ्रिजवर. उमाने चक्क वाद घातला नाही. हल्ली तिला टाकीचीच काळजी. पाणी किती उरलं ते बघायला भर उन्हात गच्चीवर जाते, अर्धा-अर्धा तास येत नाही. मोबाइल सोबत नेते. टाकीत अंधार असतो, बॅटरी लागते. काल खाली आली तर डोळे ओले. म्हणाली, ऊन फार आहे. दुष्काळ माणसाला किती हळवं करतो.

९ मे
सोसायटीत माझा मान वाढलाय. पुंडलिकराव हसून म्हणाले, मग काय वैजनाथराव, मजा आहे! वरच्या मजल्यावरच्या रत्नमालाबाईही उगाचच हसल्या. कागदाचा परिणाम. चांगल्या कामाला उशिरा का होईना, फळ येतं.
हिमानीचा फोन नाही.

१३ मे, सकाळी
कडूबाचा फोन. म्हणाला, सायेब, बोलायला टाइम हाय का? माझा ऊर भरून आला. एक माणूस तरी सुधारला! आहे, बोल म्हणालो. तो म्हणाला, शनवारचा जादा टँकर सकाळी आनू का दुपारी?
कसला जादा टँकर?
बाईसायबांनी सांगितलाय की. ताईचं जमलं, पावणे येनार, घरात पानी पायजे म्हनून. मग म्हणाला, तुमाला म्हाईत नाय व्हय?
मी खाली दारापाशी उभा, पुंडलिकराव समोरच खुर्ची टाकून बसले होते. स्पीकरवर सगळं ऐकू गेलं. त्यांना जरासुद्धा आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

१३ मे, दुपारी
विश्वासघात. दुसरा शब्द नाही. माझ्या मुलीचं लग्न ठरतं आणि बापाला टँकरवाल्याकडून कळतं. उमा म्हणाली, शनिवारी ती तुम्हाला समोर बसवून स्वतः सांगणार होती. मग पुंडलिकरावांना कुणी सांगितलं? तर पाहुण्यांसाठी त्यांच्या दोन खोल्या मागायच्या होत्या म्हणे. म्हणजे खोल्या असलेल्याला सांगायचं, बापाला नाही.
मुलाचं नाव विचारलं. म्हणाली, ते तिच्याच तोंडून ऐका.
जेवलो नाही. मग जेवलो, भाकरी वाया कशाला घालवायची. पण बोललो नाही.

१५ मे
ठरवलं, हिमानीला चांगलं खडसवायचं. मुद्दे तोंडपाठ केले. खोलीत एकटा गेलो, दार लावून घेतलं, फोन कानाला लावला. कान तापला. तापू दिला.
खडसवणार होतो, पण तोंडातून निघालं, बाळा, मला का नाही सांगितलंस?
ती म्हणाली, बाबा, सगळ्यात आधी तुम्हालाच सांगायचं होतं हो. पण तुम्हाला एकट्याला सांगताच येत नाही.
म्हणालो, आता सांग. आता मी एकटाच आहे. नाव काय त्याचं?
तिने विचारलं, स्पीकरवर आहे का?
नाही म्हणालो. शप्पथ म्हणालो.
ती म्हणाली, राहू द्या बाबा, शनिवारी येतेच आहे. जरा आईला द्या ना.
स्पीकर खरंच बंद होता. दार उघडलं, उमाला हाक मारली आणि फोन तिच्या हातात दिला.