काठोकाठ भरलेला पेला

प्रिय मीरसालिम-अका,

तुम्हांस व आईंस माझा सलाम. मी सुखरूप आहे. बुखाऱ्यातील जुने वीटकाम पुन्हा पाहिले. एकाच रंगाच्या विटेतून साधलेली ती ऊनसावली आमच्या संस्थेत कोणाच्याही, मुनिसाच्यासुद्धा, आवाक्यातली नाही. आता गाडी खिव्याकडे निघाली आहे. फलाटावरचे भोपळ्याचे सामसे उत्तम, मीठ किंचित अधिक. आईंचा गुडघा कसा आहे?

समोर एक वृद्ध दांपत्य बसले आहे. आजोबांनी पत्नीच्या पेल्यात जेमतेम दोन घोट चहा ओतला.

"अहो, चहा देताय की औषध?"

"भरून दिला तर पिऊन झोपशील. मग मी बोलू कोणाशी?"

"ऐकलंस ना पोरी? म्हातारा अजून लाडात येतो!" असे मला सांगून तिने पेला पुन्हा पुढे केला.

मी हसले, पण मला तो रविवार आठवला. मुनिसा आपल्याकडे आली होती आणि तुम्ही तिला दोन-दोन घोट ओतत राहिलात. पाहुण्याने उठू नये म्हणून थोडा थोडा चहा द्यावा, ही आपली रीतच आहे. मात्र त्याच किटलीतून माझा पेला तुम्ही काठोकाठ भरलात. भरलेला पेला म्हणजे 'आता निघा', हे तुम्हांलाही ठाऊक आहे.

तुम्ही म्हणाल, घरच्या माणसाला, स्वतःच्या बायकोला, कसली रीत! ते मला पटावे, अशी माझीही इच्छा आहे.

खिव्यातील मंडळी मला ठरल्यापेक्षा काही दिवस अधिक राहण्याचा आग्रह आतापासूनच करीत आहेत. परतीचे तिकीट मी काढलेले नाही. मी लवकर यावे असे वाटत असेल, तर तसे स्पष्ट लिहा. शुद्धलेखनाच्या चुका मी या वेळी दाखवणार नाही.

तुमचीच,
ओयदिन