भिंतीवरचं स्वित्झर्लंड

विलेपार्ले (पूर्व),
शनिवार, १ मार्च २०२५

सौ. जानकीबाई यांना
कुंदाचा सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचा डबा पोचला. खापरोळ्या मी एकटीने संपवल्या, हे मुकुलला सांगू नका. रिकामा डबा परत पाठवायचा नाही ही शिकवण आपल्या दोन्ही घरांत सारखीच, त्यामुळे मुलांच्या लग्नाला पाच वर्षं झाली तरी हा डबा मुळात कुणाचा, ते आता देवालाच ठाऊक. आज त्यात रव्याचे लाडू आहेत आणि लाडवांच्या खाली, पिशवीत गुंडाळून, हे पत्र. उद्या श्रुतिका माहेरी येईल तेव्हा आणेल. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही माझ्या प्रत्येक वाक्याला 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणता. आणि मुलांनी काढलेल्या त्या ग्रुपवर काही लिहावं, तर माझी नणंद पहिली मत देते.

विषय तुम्हाला माहीतच आहे. मुलं आपल्या दोघींना आठ दिवस युरोपला पाठवणार. देश एकच, स्वित्झर्लंड किंवा पोर्तुगाल. व्हिसाचा अर्ज त्या देशाकडे करायचा असतो, म्हणून होळीच्या आत सांगा, असं मुकुल बजावून गेलाय.

निवड तुम्ही करायची. हे मी मानापानासाठी म्हणत नाही, मानपान पुरे झाला म्हणून म्हणते. लग्नात शेवटची पंगत उठेपर्यंत तुम्ही उभ्या होतात. माझ्या नणंदेला पुढच्या सोफ्यावर जागा मिळाली नाही म्हणून ती रुसली, तिची समजूत घालण्यात तुमचं जेवण राहिलं, आणि मी मुलाची आई म्हणून ऐटीत बसून जिलबी खात होते. ते अजून मनाला लागून राहिलंय. म्हणून या वेळी तुमच्या मनातलंच झालं पाहिजे.

माझं विचाराल तर स्वित्झर्लंड छान वाटतं. बर्फ काय, डोंगर काय. पण शब्द तुमचा.

धाकूरावांना नमस्कार सांगा. लोभ आहेच, तो डब्यासारखा येत-जात राहो.

आपली
कुंदा


भटवाडी, घाटकोपर,
रविवार, २ मार्च २०२५

श्रीमती कुंदाताई यांना
जानकीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, लाडूही मिळाले. माझं शिक्षण सातवीपर्यंत आणि तुम्ही शाळेत बत्तीस वर्षं बाई होतात, तेव्हा चुका दिसल्या तरी लाल पेन काढू नका.

स्वित्झर्लंडच ठरवा. मलाही तेच आवडतं. पोर्तुगालचा विचार मी मनातून काढून टाकला, म्हणजे तसा तो नव्हताच.

आमच्या ह्यांना पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, विहीणबाईंनी स्वित्झर्लंड म्हटलंय ना, मग झालं, मुलीच्या आईने त्यावर बोलू नये. गिरणी बंद पडली तेव्हासुद्धा हे इतक्या गंभीरपणे बोलले नव्हते. त्यांना मी विचारलं की तुम्हीपण येता का, तर म्हणतात, माका भात होयो, तुम्ही जावा.

तयारी सुरू केली आहे. शेजारची अक्षता मनालीला जाऊन आली, तिचा कोट आणून ठेवला. तो घालून पंख्याखाली बसून बघितलं, घाम आला पण बसतो नीट. दुसरं म्हणजे, आठ दिवस मी तुमच्याबरोबर शाकाहारीच जेवीन. तुम्हाला शेजारी बसून वास नको. सवय व्हावी म्हणून आज रविवार असूनही बांगडा केला नाही. ह्यांनी दुधीची भाजी बघितली आणि विचारलं, मासळी बाजाराचा संप आहे काय.

डब्यात घावणे आहेत, वेगळ्या तव्यावरचे. चूकभूल पोटात घाला, घावण्यांबरोबर.

तुमची
जानकी


विलेपार्ले (पूर्व),
शनिवार, ८ मार्च २०२५

सौ. जानकीबाई यांना स. न. वि. वि.

तुमचं उत्तर वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मुकुलने लगेच स्वित्झर्लंडच्या व्हिसासाठी सात एप्रिलची वेळ घेतली. तिथे तारेवरच्या पाळण्यात बसून बर्फाच्या शिखरावर जातात, त्याचीही नोंदणी करतो म्हणाला. मी बरं म्हटलं.

आता सांगायला हरकत नाही, मला तुमच्या मनातलं आधीपासून ठाऊक होतं. साखरपुड्याला आले होते तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरात ते बर्फाच्या डोंगराचं चित्र पाहिलं. १९९६चं कॅलेंडर इतकी वर्षं कुणी उगाच भिंतीवर ठेवत नाही. बत्तीस वर्षं आल्प्स शिकवला आहे, नजरेला पडताच ओळखला. तेव्हाच मनाशी म्हटलं, या बाईंना एकदा स्वित्झर्लंड दाखवायचं.

मीही सराव करते आहे. रोज संध्याकाळी इमारतीच्या गच्चीवर जाते. सोमवारी दारापर्यंत गेले. काल टाकीपर्यंत पोचले, पण परतताना जिना बसून, एकेक पायरी करत उतरावा लागला. वॉचमन काशीरामने विचारलं, काही हरवलंय का. मी कुडीची फिरकी म्हटलं, तर तो बिचारा अर्धा तास फिरकी शोधत बसला. तुम्ही हे मनावर घेऊ नका, गुडघ्यांचा व्यायाम आहे, दुसरं काही नाही.

डब्यात होळीआधीच पुरणपोळ्या घातल्यात. ममता असू द्या.

आपली
कुंदा

ता. क. बांगडा सोडू नका. आत्ताच सोडलात तर धाकूराव मला शाप देतील.


भटवाडी, घाटकोपर,
रविवार, १६ मार्च २०२५

श्रीमती कुंदाताई यांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा काही कळलं नाही, दुसऱ्यांदा हसले, तिसऱ्यांदा हसता हसता खाली बसले.

कुंदाताई, त्या कॅलेंडरच्या मागे भोक आहे.

शहाण्णव साली ह्यांनी मिक्सरसाठी फळी ठोकायला घेतली. आमची भिंत ती केवढी. दोन घाव घातले आणि पलीकडे भीमराजच्या घरातली घागर दिसायला लागली. दोन दिवस त्याची बायको आणि मी त्यातून कढीपत्त्याची देवाणघेवाण केली. मग वाण्याने दिलेलं कॅलेंडर वर टांगलं. वर्ष संपलं, भोक काही बुजवलं गेलं नाही, म्हणून कॅलेंडर राहिलं. चित्र कसलं आहे ते मी एकोणतीस वर्षांत बघितलंच नव्हतं. काल स्टुलावर चढून, चष्मा लावून बघितलं. खाली बारीक अक्षरात गुलमर्ग, काश्मीर असं छापलंय.

आता एक विचारते, राग मानू नका. गुडघ्यांच्या व्यायामासाठी कुणी बसून जिना उतरतं का? श्रुतिकाला विचारलं तर ती म्हणाली की माथेरानला सगळे पॉइंटवर दरी बघत होते आणि तुम्ही दरीकडे पाठ करून झाडाला धरून उभ्या होतात. तुम्हाला उंचीची भीती वाटते ना? मग पाळण्यात कशा बसणार होतात?

मी स्वित्झर्लंड म्हटलं ते तुम्ही म्हटलंत म्हणून. तुम्ही माझ्या भिंतीवर बघितलंत म्हणून. म्हणजे आपण दोघी जिथे जायला निघालो, तिथे जायचं कुणालाच नाही. वाट लागली.

मुकुलरावांना कसं सांगायचं ते तुम्हीच बघा. मुलीच्या आईने त्यात पडू नये.

तुमची
जानकी


विलेपार्ले (पूर्व),
शनिवार, २२ मार्च २०२५

सौ. जानकीबाई यांना नमस्कार.

हो, वाटते. शाळेत दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग दिला तर मी भिंतीला धरून जात असे. तीस वर्षं शिपायांना वाटत होतं की बाई भिंतींचा रंग तपासतात. पण त्याहून लाज गुलमर्गची वाटली. भूगोलाची बाई, आणि काश्मीरला स्वित्झर्लंड समजले. हे श्रुतिकाला सांगितलं असेल तर असू दे, नणंदेपर्यंत मात्र जाऊ देऊ नका.

मुकुलला सांगितलं. तो डोकं धरून बसला आणि म्हणाला की तुम्ही दोघी लोणावळ्याला जा. मग निवळला. सात तारखेची वेळ पाडव्यापर्यंत रद्द करता येईल, तोवर एकच काय ते सांगा, म्हणतो.

माझी चूक आता कळली. शब्द तुमचा असं लिहिलं आणि त्याच्या वरच्याच ओळीत माझं मत ठेवलं. मुलाच्या आईने मत दिलं की त्याचा हुकूम होतो, हे एकोणसत्तराव्या वर्षी समजलं. म्हणून या वेळी मत देत नाही. लाडवांखाली कोरा कागद ठेवला आहे, त्यावर तुम्हाला कुठे जायचंय ते लिहा. माझा शाकाहार, माझी भीती, माझा मान, काही मध्ये आणू नका. तिसरा देश लिहिलात तरी मुकुलशी मी भांडेन. 'तुम्ही म्हणाल तसं' लिहिलंत, तर मात्र मी एकटी जाऊन पाळण्यात बसेन आणि जे होईल त्याला तुम्ही जबाबदार.

कुंदा


भटवाडी, घाटकोपर,
गुढीपाडवा, ३० मार्च २०२५

श्रीमती कुंदाताई यांना नमस्कार आणि पाडव्याच्या शुभेच्छा.

पोर्तुगाल.

कोऱ्या कागदावर एवढंच लिहिणार होते. मग वाटलं, विचारलंय तर सगळंच सांगावं.

माझे बाबा बोटीवर खलाशी होते. वर्षातून एकदा गावाला यायचे आणि रात्री अंगणात बसून बंदरांची नावं सांगायचे. त्यात लिस्बन असायचं. तिथल्या गल्लीत उन्हाळ्यात बायका दाराबाहेर शेगडी मांडून मासे भाजतात, धूर आला की डोळे मिटायचे आणि आपण वेंगुर्ल्यात आहोत असं समजायचं, असं सांगायचे. मला म्हणाले होते, जाने, तुला एकदा नेऊन दाखवतो. मी आठ वर्षांची होते. पुढे ते गेले. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण कुठे जायचंय असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. लग्न होऊन मुंबईला आले तेव्हाही नाही. मुलांनी दोन देशांची नावं घेतली तेव्हा पोर्तुगाल ओठांवर आलं होतं, पण तुमच्या पत्रात स्वित्झर्लंड वाचलं आणि मीही तेच लिहिलं.

लग्नाचंही लिहून टाकते. तुम्ही नणंदेचं लिहिलंत. नणंदेचा मला राग नव्हता, रुसणारी माणसं प्रत्येक लग्नात असतात. राग तुमचा आला होता. तुम्ही माझ्याकडे दोनदा बघितलंत, एकदा तरी बसा म्हणाल असं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू. पाच वर्षं डबे पाठवले, पण राग काही गेला नव्हता. आज लिहिताना बघते, तर तो नाही.

डब्यात आज माझ्याकडच्या पुरणपोळ्या. तुमच्यापेक्षा बऱ्या झाल्यात.

जानकी

ता. क. हे आज भोक बुजवतो म्हणाले. मी नको म्हटलं, कॅलेंडर असू दे.


लिस्बन,
मंगळवार, ३ जून २०२५

चि. सौ. श्रुतिका हिला आईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र पोचेल तेव्हा मी कदाचित तुझ्यासमोर बसलेली असेन. तरी लिहिते, कारण काही गोष्टी मला तोंडावर सांगायला जमत नाहीत.

तुझ्या सासूबाई ठीक आहेत. त्यांना पोर्तुगालच हवं होतं, हे त्यांनी विमान उडाल्यावर कबूल केलं. युरोपची जमीन पश्चिमेला संपते ते टोक म्हणे त्यांनी शाळेत मुलांना नकाशावर बोटाने दाखवलं होतं, ते बघायचं होतं. काल गेलो. तो निघाला भलामोठा कडा. बाई लांब गवतात बसून राहिल्या आणि मी कठड्याशी जाऊन त्यांना ओरडून सांगत होते, खाली लाटा आहेत, फेस आहे, पक्षी आहे. त्यांनी सगळं वहीत लिहून घेतलं. त्यांचं टोक मी बघितलं म्हण.

आज दुपारी एका गल्लीत धूर दिसला. दाराबाहेर शेगडी, त्यावर मासे, बाजूला दोन खुर्च्या. मी तशीच उभी राहिले. डोळे मिटले, आणि बाबांनी सांगितलेलं अगदी खरं होतं गं. मला रडू आलं. मासे भाजणाऱ्या बाईने ताटली पुढे केली, पण मी म्हटलं की आधी शाकाहारी काही मिळतं का बघू, कुंदाताई उपाशी आहेत. तेवढ्यात तुझ्या सासूबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "जानकी, आधी तू बस."

मी बसले. त्यांनी पदर खोचला, त्या बाईच्या हातातली ताटली घेतली आणि स्वतःच्या हाताने माझ्यासमोर ठेवली. ज्या बाईने जन्मात माशाला हात लावला नाही, तिने चिमट्याने दुसरा मासा उचलला, आणि नको नको म्हणत असताना आग्रह करून तिसराही वाढला. मी जेवत होते तोवर त्या उभ्याच होत्या. खुर्ची रिकामी होती, तरी बसल्या नाहीत. लग्नात राहिलेलं जेवण मी आज जेवले.

नंतर त्यांनी पाव आणि सॅलड खाल्लं. हात चार वेळा धुतला, ते मी बघितलं नाही असं दाखवलं.

तुझ्या बाबांना भात करून घाल. मुकुलरावांना आशीर्वाद. माया आहेच, ती मोजायची नसते.

तुझी
आई

ता. क. चिवड्याचा डबा रिकामा झाला, आणि तो रिकामा परत आणायचा नाही. सासूबाई म्हणतात बिस्किटं भरायची, मी म्हणते सुके मासे. सकाळपासून भांडण चाललंय, कुणीही माघार घेत नाही. काळजी नसावी.