लाईनवरचा दुसरा श्वास

सोमवार, ३

कामाचा पहिला दिवस झकास गेला. साठीला टेकलेल्या माणसाला नवी नोकरी लागावी, आणि तीही बसून ऐकण्याची! बत्तीस वर्षं मी लाउडस्पीकर दुरुस्त केले. सुरुवात दुसऱ्याच्या दुकानात केर काढण्यापासून, मग स्वतःचं दुकान, आता ते पुतण्याच्या हवाली. चार महिने घरी बसलो तर बायको म्हणाली, अहो, माझ्या भांड्यांचे आवाज ऐकून नाकं मुरडण्यापेक्षा ते कान बाहेर कुठेतरी नेऊन वापरा. म्हणून इथे आलो.

इथे म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत नशा करणाऱ्यांना नव्या सुया मिळतात, जुन्या जाड पिवळ्या डब्यात टाकता येतात, जखमेवर पट्टी होते, घडीभर बसता येतं. आतल्या खोलीत टेबल, खुर्ची, हेडफोन आणि फोन. एकट्याने नशा घेताना जीव गेला तर कोणाला पत्ताही लागत नाही, म्हणून घेण्याआधी माणसाने इथे फोन करायचा आणि आपण लाईनवर बसून राहायचं. माझं काम हे.

केंद्र चालवणाऱ्या ताई माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत, पण ताईच. त्यांनी नियम सांगितले. सगळ्यात आधी पत्ता. तो चिठ्ठीवर लिहायचा आणि मोठ्याने वाचून दाखवायचा. फोनवर नंबर दिसत नाही, ती सोय मुद्दामच बंद ठेवलीय, नाहीतर पोलिसांच्या धास्तीने कोणी फोन करणार नाही. मग दर मिनिटाला हाक. उत्तर आलं नाही तरी चालेल, पुष्कळांना गुंगी येते. पण श्वास ऐकू आला पाहिजे. मिनिटाला दहाच्या खाली गेला की घंटा. घंटा झाली की केंद्रातले मदतनीस, मास्तर, श्वास परत आणणारा नाकात मारायचा फवारा घेऊन स्कूटरवर सुटतात. माणूस शुद्धीवर येऊन ठीक आहे म्हणाला, की चिठ्ठी फोनजवळ धरून फाडायची. फाडल्याचा आवाज त्याला ऐकू गेला पाहिजे. आपला पत्ता कोणाकडे उरला नाही, हा त्याचा भरवसा.

मी विचारलं, मग त्यांना समजावून सांगायचं कधी? ताई म्हणाल्या, काका, उपदेश करायला प्रत्येकाच्या घरी माणसं बसलीत. ऐकायला कोणी नाही.

शुक्रवार, ७

कान अजून शाबूत आहेत. चार दिवसांत मी माणसं श्वासावरून ओळखायला लागलो. मास्तरांना हे सांगितलं तर ते हसत म्हणाले, मग माझाही ऐकून ठेवा, नऊ वर्षं मीही त्याच गावचा होतो. मास्तर हे टोपणनाव. सगळ्यांना पट्टी बांधायला शिकवतात म्हणून पडलं.

एक पेंटर आहे, दुकानांच्या पाट्या रंगवतो. नाक कधीतरी मोडलेलं, त्यामुळे प्रत्येक श्वासाच्या शेवटी बारीक शिट्टी वाजते. रोज पावणेबाराला फोन. भलता तोंडाळ. मला म्हणतो, काका, तुमचा आवाज लग्नातल्या कर्ण्यासारखा आहे, आता वधूवरांना स्टेजवर बोलवाल असं वाटतं. चिठ्ठी फाडताना म्हणतो, हळू हळू फाडा, मजा येते.

आणि एक शिवणवाली. ब्लाउज शिवते. इथलं औषध घेऊन नशा कमी करत आणलीय, एखाद्या दिवशी पाय घसरतो तेवढाच. फोन शिलाई मशीनच्या फळीवर ठेवते आणि बोलवत नसेल तेव्हा नखाने फळीवर टकटक करते. तिची सहा वर्षांची मुलगी नणंदेकडे आहे. सव्वीस तारखेला नणंद तिला परत आणून देणार. शिवणवालीने मला दम दिलाय, काका, सव्वीसपर्यंत मला मरू द्यायचं नाही, नंतर माझी मी बघते. मी म्हटलं, पोरी, नंतरही नाही.

बुधवार, १२

इथे लिहितो, कारण हे दुसरीकडे कुठे बोलता येणार नाही.

पावणेबाराला पेंटर आला लाईनवर. घाईत होता, पण चेष्टा चालूच. गेले सहा दिवस तो एकाच जागेवरून बोलत होता, भाजीबाजारामागची त्याची खोली. मी त्याला पत्ता विचारलाच नाही. चिठ्ठीवर लिहिलं, 'नेहमीचा'. वाचूनही दाखवलं नाही. तो म्हणाला, लिहिला का काका? मी म्हटलं, लिहिला रे बाबा, बस आता.

पाचव्या मिनिटाला श्वास अकरा. सहाव्याला सात. मी घंटा मारली. मास्तर पळाले. मी हाका मारत राहिलो. शेवटच्या श्वासाची शिट्टी अर्धीच वाजली. मास्तरांचा दुसऱ्या फोनवर निरोप आला, खोलीला बाहेरून कुलूप आहे, पेंटर कामावर गेलाय म्हणतात. कुठल्या कामावर, कोणाला ठाऊक नाही.

लाईन चाळीस मिनिटं चालू होती. पलीकडे काही नाही. फक्त लांबवर पाणी पडत होतं.

ताईंनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, त्याने पत्ता खोटा सांगितला.

शनिवार, १५

सापडला. अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ. टाकीवर बिल्डरचं नाव रंगवायचं काम होतं. अक्षरं निम्मी झाली होती.

ताई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, काका, मनाला लावून घेऊ नका, कधी कधी ते खोटं सांगतात. मास्तर तेवढे माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, तो खोटं बोलणाऱ्यातला नव्हता.

बायकोने जेवताना दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. मी म्हटलं, कानात दडा बसलाय.

मंगळवार, १८

ट्रकवरच्या क्लीनरचा फोन होता. पत्ता घेतला, लिहिला, मोठ्याने वाचला. आता चुकत नाही. तिसऱ्या मिनिटाला त्याच्या श्वासामागे आणखी एक श्वास ऐकू आला. वाटलं, कोणी मित्र सोबत असेल. विचारलं तर म्हणाला, कोण असणार काका, केबिनमध्ये मी एकटा.

दुसऱ्या श्वासाच्या शेवटी बारीक शिट्टी होती.

लाईन खराब असेल म्हणून मी फोन उघडून पाहिला. वायरी झाळल्या, माइक पुसला. बत्तीस वर्षांचा हात आहे. दोष काही सापडला नाही.

गुरुवार, २०

आज चार फोन आले. चौघांच्या मागे तो होता. मी पत्ता मोठ्याने वाचला, की मिनिटाभरात येतो. वाचायच्या आधी नाही.

क्लीनरच्या वेळी भयंकर झालं. हाकेला उत्तर नव्हतं, पण श्वास व्यवस्थित, मिनिटाला चौदा. मी निश्चिंत बसलो. नशीब, मास्तर दुसऱ्या कामाने त्याच रस्त्याने चालले होते, सहज डोकावले. क्लीनर निळा पडला होता. छाती हलत नव्हती. दोन फवारे मारले तेव्हा डोळे उघडले. त्याला सरकारी दवाखान्यात दाखल करून मास्तर परत आले ते तापूनच. झोपला होतात का काका?

मी झोपलो नव्हतो. मी चौदा श्वास मोजले. ते क्लीनरचे नव्हते.

शुक्रवार, २१

ताईंना दुसरा हेडफोन लावून बसवलं. त्यांना एकच श्वास ऐकू आला. मला दोन. त्या मायेने म्हणाल्या, थोडे दिवस सुट्टी घ्या, मी बसते.

त्या बसल्या तर काय होईल? त्यांना एक ऐकू येईल. तो पेंटरचा असला तर थांबणार नाही. आणि ज्याचा थांबेल—

मी सुट्टी घेणार नाही.

आणखी एक. आज शिट्टी नव्हती. तो शिकतोय. ज्याच्याशेजारी बसतो, त्याच्यासारखाच श्वास घ्यायला लागलाय.

सोमवार, २४

सकाळी ताईंना खरं सांगितलं. 'नेहमीचा' लिहिलेली चिठ्ठीही दाखवली. त्यांनी ती उलटून पाहिली. मग म्हणाल्या, तुमच्या चुकीपेक्षा त्याला खोटारडा ठरवलंत ते वाईट. महिनाअखेरीस तुम्ही जा. मी मान डोलावली. बरोबर आहे त्यांचं.

मन हलकं झालं. वाटलं, कबूल केलं, आता तोही जाईल.

दुपारी पहिल्याच फोनवर होता.

मी सरळ विचारलं, पेंटर, तुला काय हवंय? लाईनवरची बाई म्हणाली, कोण पेंटर? आणि तिच्या मागून, अगदी जवळून, तो. लिहिला का काका?

मंगळवार, २५

रात्रभर डोकं चालवलं. बिघाड शोधताना सिग्नल कुठून निघतो ते आधी बघायचं, तसं. त्याला जागाच नाही. ती मी लिहिली नाही. म्हणून मी ज्याचा पत्ता वाचेन तिथे तो जाऊन बसतो.

मग वाचायचं नाही. आज एकालाही वाचून दाखवला नाही. नुसतं लिहिलं.

तरी आला. पत्ता सांगणाऱ्याच्या तोंडून ऐकतो. लाईनवरच असतो तो. सारखा.

शिवणवालीचा फोन नाही आला. बरं झालं. उद्या सव्वीस. देवा, उद्याही नको येऊ दे.

बुधवार, २६

दुपारचे अडीच. ताई आणि मास्तर सरकारी दवाखान्यात, क्लीनरपाशी. बाहेरच्या खोलीत कोणी नाही.

ती आहे लाईनवर. रडत होती. नणंद पाच वाजता मुलीला घेऊन येणार, हातपाय कापतायत, थोडंसंच घेतलं म्हणाली. मी ओरडणार होतो. ओरडलो नाही. पत्ता सांगितला तिने. लिहिलाय, समोर आहे.

मास्तरांना फोन केला. निघाले. वीस मिनिटं लागतील म्हणाले.

दोन श्वास. दोन्ही बारीक, बाईमाणसाचे. अगदी सारखे. टकटक कर पोरी, टकटक कर.

टकटक नाही.

एक थांबला. कुठला? कुठला—

दुसऱ्या फोनवरून, तिने मागे देऊन ठेवलेल्या नंबरवर, तिच्या शेजारणीला सांगितलं, धाव, तिला हलव, तोंडाने श्वास दे. धावली ती.

आणि मी ते केलं जे आधीच करायला हवं होतं. नवी चिठ्ठी घेतली. वर लिहिलं, पेंटर. खाली या जागेचा पत्ता. तळमजला, आतली खोली, टेबलामागची खुर्ची. मोठ्याने वाचला. पेंटर, लिहिलाय रे. नीट ऐक. इथे ये. तिला सोड.

लाईनवर एकच श्वास राहिला. अडखळत, खोल. मग शेजारीण शिव्या देत होती ते ऐकू आलं. मग टकटक. तीनदा.

तिला म्हटलं, तुझी चिठ्ठी फाडतोय, ऐक. फाडली. ती म्हणाली, काका, किती वाजले? म्हटलं, तीन. तोंड धू, वेणी घाल. मास्तर येतायत, आल्यावर त्यांच्याबरोबर चहा पी.

फोन ठेवला.

—

ठेवला तरी ऐकू येतोय. हेडफोन काढून ठेवलाय. टेबलावर आहे.

खोलीत.

पेंटर, माफ कर. चूक माझी होती. तू खोटं बोलला नव्हतास. त्यांना सांगितलंय मी.

श्वास मोजतोय. मिनिटाला सोळा. माझाही सोळा.

उठून बाहेर जावं म्हणतो. पाय उचलत नाहीत. लिहिणारा हात तेवढा चालतोय.

दोन्ही सारखे झालेत. वेगळे काढता येत नाहीत. माझे कान, आणि मला माझाच—

श्वास रोखून पाहिला. दोन्ही थांबले.

सोडला. एकच सुरू झाला. छातीवर हात ठेवलाय, ती हल—