काटा उजवीकडे गेला की झालं

६ नोव्हेंबर १९८६, गुरुवार

गाडी चालते आहे ना, मग तिच्या पोटात काय चाललंय ते बघायची गरज काय? आप्पांनी आज जेवताना विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. बी.एस्सी. फिजिक्स, घरातली पहिली पदवीधर, आणि उत्तर नाही. तोंडात घास होता हे एक कारण. पण घास गिळल्यावरही सुचलं नाही, हे फक्त इथे लिहिते.

विषय मीटरांचा. लवूमामा दिवाळीला जहाजावरून आला, येताना जपानी मीटर घेऊन आला. एक पाण्याच्या तापमानाचा, एक ऑइलच्या दाबाचा, एक टर्बोच्या दाबाचा. आमची ॲम्बॅसिडर आता नावालाच ॲम्बॅसिडर आहे. आत टेम्पोचं डिझेल इंजिन, आणि त्याला गेल्या वर्षी मामानेच आणलेला टर्बो. आप्पा त्याला पंखा म्हणतात. बरोबरच आहे. धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. त्यामुळे गाडी भरगच्च सीट (भाड्याच्या प्रवाशांना आप्पा सीट म्हणतात) घेऊन हातखंब्याला जाते, निवळी घाटही चढते. मात्र गरम किती होते ते कुणाला माहीत नाही.

संकल्प: मीटर मीच बसवणार. पुस्तकातलं ज्ञान घरच्या कामी येतं हे आप्पांना एकदा दिसलं की दापोलीचा प्रश्न आपोआप सुटेल. (दापोलीला माती तपासायच्या लॅबमध्ये मला जागा मिळाली आहे. १ डिसेंबरला हजर व्हायचं. आप्पा हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. बघू म्हणतात.)

९ नोव्हेंबर, रविवार

काशीराम मेस्त्रींच्या गॅरेजात गेले. मेस्त्री म्हणाले, मीटर कशाला गो बाय, हात लाव बॉनेटला, हात भाजला की गरम. मी त्यांना थर्मामीटरचा इतिहास थोडक्यात सांगितला. ते मध्येच चहाला गेले.

मीटर कुठे बसवायचे यावर वाद. खरी जागा स्टिअरिंगच्या समोर. पण तिथे गणपती आहे. आप्पा म्हणाले, गणपती हलणार नाय. मी म्हटलं, थोडा डावीकडे. ते म्हणाले, तू सरक डावीकडे. शेवटी पत्र्याची पट्टी मधोमध, डॅशबोर्डच्या खाली. आप्पांना तिथले आकडे दिसत नाहीत. चाळिशीचा चष्मा ते फक्त पंचांगासाठी लावतात. पण काटा दिसतो, आणि काटा म्हणजेच मापन. हरकत नाही.

बसवण्याआधी आप्पा देवळात कौल लावून आले. गुरवाने देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या, आणि उजवीकडची आधी पडली. उजवा म्हणजे होकार. आप्पा खूश. विज्ञानाला परवानगी कुठूनही मिळाली तरी चालते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जपानी नटाचे आटे आपल्या इंजिनाला बसत नाहीत. मेस्त्री म्हणाले, बसतील, न बसून जातील कुठे. सफेदा लावला, त्यावर सुतळी गुंडाळली, आणि नळाची तोटी बसवतात तसा ऑइलचा पाइप पिळून बसवला. मला शंका होती. पण सहकारी तंत्रज्ञावर विश्वास ठेवला पाहिजे.

पहिल्या फेरीला मिरकरवाड्याची गोदूबाई मासेवाली पुढे बसली होती. साळवी स्टॉपच्या चढावर पाइप मीटरच्या मागून निसटला आणि ऑइलची धार तिच्या पायावर. गोदूबाई ओरडली, पायाला तेल लावतंस ते लाव, पण जरा कोमट करून लाव गो! पूर्ण गाडी हसली. भाजलं नाही फारसं. मी खाली वाकून पाइप हातात धरून बसले, ती हातखंब्यापर्यंत.

एक गोष्ट मात्र सिद्ध झाली. ऑइलला दाब आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

तिन्ही मीटर चालू! आटे लेथवर करून घेतले, हे आधीच करायला हवं होतं असं मी मेस्त्रींना म्हटलं, ते म्हणाले तेच मी म्हणत होतो.

आज आप्पांना प्रशिक्षण दिलं. गाडी चालू केली, ऑइलचा काटा उजवीकडे गेला. हे चांगलं, मी सांगितलं. रेस दिली, टर्बोचा काटा उजवीकडे. हेही चांगलं. पाण्याच्या मीटरबद्दल सांगणार तोच सीट घेऊन लोक आले आणि आप्पा म्हणाले, कळलं, काटा उजवीकडे गेला की झालं.

मूलभूत तत्त्व लगेच आत्मसात केलं त्यांनी. शाळा चौथीत सुटली नसती तर कुठल्या कुठे गेले असते. बारकावे नंतर सांगेन.

२० नोव्हेंबर, गुरुवार

जेवताना दापोली काढली. आप्पा म्हणाले, मीटर जरा मार्गी लागू देत. अगदी रास्त मुद्दा. नवीन उपकरणाला निरीक्षणाचा काळ लागतोच.

आई म्हणाली, मीटर काय पोर आहे, मार्गी लागायला? तू जा. मी तिला समजावलं की घाईत घेतलेला निर्णय शास्त्रीय नसतो. आईने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, भ्यालीस काय? मी हसून विषय बदलला.

भीतीचा प्रश्नच नाही. एवढंच, की संध्याकाळची एसटी दापोलीला पोचते तेव्हा काळोख असतो म्हणतात, आणि मी आजवर एक रात्रही घराबाहेर झोपलेले नाही. पण सकाळच्याही गाड्या असतात. मी चौकशी केली आहे. दोनदा.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज मुद्दाम घरी राहिले. आप्पांना एकट्याला मीटर वापरू द्यावेत, म्हणजे आत्मविश्वास येईल. ट्रंक भरायला काढली.

दुपारी आप्पा दुसऱ्याच्या ट्रकमधून परत आले. चेहरा काळा, शर्ट ओला. गाडी निवळी घाटात. वाफ एवढी की मागच्या एसटीवाल्याने घाटात धुकं समजून दिवे लावले. सीट सगळी चालत खाली उतरली. गोदूबाई पाटी डोक्यावर घेऊन पुढे, आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत, पुढे जाऊ नको हो, आमची गाडी चहा करते आहे.

मी विचारलं, आप्पा, पाण्याचा काटा नाही बघितलात? बघितला ना, म्हणाले. सारखा बघत होतो. चढ लागला तसा उजवीकडे सरकायला लागला. मी म्हटलं, देवान उजवा दिलान! जोर देऊ. जोर दिला तसा आणखी उजवीकडे. शेवटपर्यंत उजवाच दिलान, आणि मग फुटलं सगळं. असा कसा तुझा मीटर? होकार देऊन फसवतो?

मला पुन्हा उत्तर देता आलं नाही. पण या वेळी तोंडात घास नव्हता.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

थंड डोक्याने विचार केला. चूक आप्पांची नाही. ऑइल आणि टर्बो दोघांनी उजवं चांगलं म्हणून शिकवलं, पाण्याने उलटं केलं. चूक माझीही नाही, मी बारकावे सांगणारच होते. चूक परिस्थितीची आहे. निष्कर्ष एकच: गाडीत मीटर वाचणारा माणूस पाहिजे.

आप्पांना म्हटलं, मी बसेन बरोबर. ते म्हणाले, नको, तुला दापोलीला जायचं ना? मी म्हटलं, थोडे दिवस. दापोलीला पत्र टाकलं, घरगुती अडचणीमुळे मुदत वाढवावी.

आईला सांगितलं की आप्पांनी फार आग्रह केला.

३ डिसेंबर, बुधवार

मुदत १५ डिसेंबरपर्यंत वाढवून मिळाली. इंजिनाचं हेड उघडून, गॅस्केट बदलून गाडीही मिळाली. दोन्ही बातम्या एकाच दिवशी, हा शुभशकुन आहे (असं दुसऱ्या कुणी म्हटलं असतं. मी मानत नाही).

पुढच्या सीटवर माझी जागा मधली. उजवीकडे आप्पांचं कोपर, डावीकडे गोदूबाई, मांडीवर तिची पाटी, समोर तीन काटे. हलता येत नाही. गियर टाकताना आप्पा म्हणतात, श्वास घे आत. मी घेते. हातखंब्यापर्यंत जवळजवळ आतच ठेवते.

माझं काम सोपं आहे. चढावर पाण्याचा काटा वर गेला की सांगायचं, आप्पा, थांबा. आप्पा थांबतात. लोक उतरतात, पाय मोकळे करतात. माझ्या शब्दावर भरलेली गाडी थांबते! लॅबमध्ये ही जबाबदारी मिळाली असती का?

७ डिसेंबर, रविवार

लोक मला आता मीटरबाई म्हणतात. गोदूबाईने आज विचारलं, मीटरबाई, माझ्या सुनेचा काटा कुठे गेलाय बघ जरा, सकाळपासून बोलत नाय. मागून एक आजोबा म्हणाले, आमच्या मैनेचं लग्न कधी ते वाच त्यात. मैना म्हणजे मीच. आप्पासुद्धा हसले.

मी हसले नाही. लोकशिक्षणाची सुरुवात थट्टेनेच होते.

रात्री आई कोलंबी सोलत होती. मी तिला मीटरची अडचण समजावत होते, की आप्पांना उजवं म्हणजे चांगलं एवढंच पक्कं आहे. आई मान वर न करता म्हणाली, मग उलटा लाव. मी तिला समजावलं की जपानी उपकरण असं उलटं लावता येत नसतं.

८ डिसेंबर, सोमवार

आज सकाळी मला एक पूर्णपणे स्वतंत्र कल्पना सुचली. पाण्याचा मीटर उलटा फिरवून लावायचा. वरची बाजू खाली. मग गार असताना काटा उजवीकडे, आणि तापलं की डावीकडे. आप्पांना डावा कौल कळतो, जन्मापासून. आकडे डोक्यावर उभे राहतील, पण ते वाचतंच कोण.

मागचे दोन नट सैल करून फिरवला. काम सोपं निघालं. आईला दाखवलं. ती म्हणाली, बरं सुचलं तुला.

११ डिसेंबर, गुरुवार

काल आणि आज आप्पा एकटे जाऊन आले. निवळी घाटात काटा डावीकडे झुकला. आप्पांनी लगेच गाडी कडेला घेतली आणि सीटला सांगितलं, देव नको म्हणतो, उतरा. कुणी हूं की चूं केलं नाही. मी थांबा म्हटलं की कुरकुर करायचे, उशीर होतो म्हणायचे. देवासाठी सगळे झाडाखाली बसले, एकाने विडी पेटवली, गाडी निवली, पुन्हा निघाले.

प्रयोग यशस्वी. खूप आनंद झाला. आनंदच झाला.

संध्याकाळी आप्पा म्हणाले, बाय, तुझी मधली जागा मोकळी झाली. आज तिथे दोन माणसं बसवली, बारीक होती.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आप्पा आज सकाळी देवळात गेले होते. मला माहीत नव्हतं कशासाठी. आले आणि पायरीवर बसले. म्हणाले, तुझ्या दापोलीचा कौल लावला. पाकळी लावली न लावली तोच उजवी पडली. एवढ्या लगेच गुरवानेही कधी बघितली नव्हती. सोमवारी सकाळच्या गाडीला मी स्वतः सोडतो तुला स्टँडवर.

आईने पदराने डोळे पुसले आणि लगेच मेतकूट कुटायला घेतलं.

सगळं माझ्या योजनेप्रमाणे झालं आहे. अगदी पहिल्या दिवशी ठरवलं होतं तसं. ट्रंक भरलेली आहे. जेवण गेलं नाही, पण ते आनंदाने.

१३ डिसेंबर, शनिवार

दिवसभर एक गोष्ट मनात येते आहे. उलटा मीटर ही शुद्ध फसवणूक आहे. आप्पांना काटा कळतो, पण तापमान कळत नाही. अंधश्रद्धेला मी विज्ञानाची काच लावून दिली. पदवीधर माणसाला हे शोभतं का? उद्या समजा कुणी जाणकार माणूस गाडीत बसला, समजा कुणी इंजिनीअर, आणि त्याने डोक्यावर उभे आकडे बघितले, तर तो काय म्हणेल? माझं नाव पट्टीवर लिहिलेलं नाही, पण मला तर माहीत आहे.

शिवाय आप्पांना हळूहळू आकडे शिकवायला हवेत. त्याला वेळ लागेल. माणूस लागेल. लॅबमधली माती कुठे पळून जात नाही.

आईला यातलं काही सांगितलं नाही. ती लाडू वळते आहे.

१४ डिसेंबर, रविवार, सकाळी

निर्णय तत्त्वाचा आहे, म्हणून वेळ न घालवता अमलात आणला. काल दुपारी तारऑफिसात जाऊन दापोलीला कळवलं, येऊ शकत नाही. आज आप्पा उठायच्या आत पाना घेऊन गाडीशी गेले, दोन नट सैल केले आणि पाण्याचा मीटर सरळ केला. आकडे आता सगळे पायावर उभे आहेत. तापलं की काटा उजवीकडे जाईल, जपानमध्ये जातो तसाच.

आप्पांना सांगितलेलं नाही. सांगायची गरजही नाही. मी शेजारी असणारच आहे.