पहिल्या वहीतलं वळण

८ सप्टें.
जॉफ ऐंशीचे होतायत. आमच्या भूगर्भशास्त्र विभागाची पुस्तिका निघणार. जीवनपट मी लिहायचा, कारण त्यांच्या मोजणीच्या जुन्या वह्या मीच स्कॅन करतेय. यॉर्कशरमधलं खेडं, वडील बस कंडक्टर. एका उन्हाळ्यापुरते कॅलिफोर्नियात आले ते राहिलेच. पहिल्याच नकाशात दाखवलं की इथली भ्रंशरेषा (खडक जिथे तुटून सरकलाय ती रेघ) सरळ जात नाही, मध्ये वळते. नाव, नोकरी, पुढचं सगळं त्या वळणावर.

११ सप्टें.
वही २, पान १, पेन्सिलीने: ‘होकायंत्र इथल्या उत्तरेला लावलं.’
मग वही १ मध्ये कुठल्या उत्तरेला होतं? सुई खरी उत्तर दाखवत नाही. फरक जागेप्रमाणे बदलतो, तो चकतीवर लावून घ्यावा लागतो. यंत्र इंग्लंडहून आणलेलं, तेव्हा तिथल्याच उत्तरेला लावलेलं असणार.
वही १ दक्षिण भाग, वही २ पुढच्या वर्षीची, उत्तर भाग. वळण नेमकं दोन्हींच्या मध्ये.

१२ सप्टें.
वही १ चे आकडे तेवढ्या फरकाने फिरवले. रेघ जवळजवळ सरळ. तीनदा केलं, तेच.
पुन्हा कुणी मोजलेलं नाही. नकाशा छापला त्याच वर्षी दक्षिण भाग धरणाखाली गेला.

१४ सप्टें., रवि.
क्युपर्टिनोला सुधामावशीकडे जेवण. तिला सांगितलं.
“बर्थडे होऊ दे, मग सांग ना.”
“पुस्तिका त्याआधी छापतात.”
“अगं, तुझे काका रिटायर झाल्यावर मी त्यांच्या जुन्या कोडमधल्या चुका काढत बसले असते, तर संसार टिकला असता का?”
काका आतून, “काढल्यास की.”
पुरणपोळ्यांचा डबा दिला. दोन जॉफसाठी वेगळ्या बांधल्या.

१७ सप्टें.
सांगितलं. त्यांच्या स्वयंपाकघरात, दोन्ही वह्या शेजारी ठेवून. चष्मा बदलून वाचलं.
“पहिल्याच दिवशी लावलं असणार. पोरंसुद्धा तेवढं करतात.”
“मग दुसऱ्या वर्षी पुन्हा का लावलं?”
“प्रवासात हललं असेल.” वही १ चाळून, “आठवत नाही. मार्गरेट सोबत होती. तिला आठवलं असतं.”
बायको. जाऊन चार वर्षं झाली.
पोळी अर्धी खाल्ली, उरलेली कागदात गुंडाळून ठेवली. मी निघाले.

२३ सप्टें.
पुस्तिकेत वळणाचा परिच्छेद कोरा सोडलाय. छपाईवाल्याकडून दोन आठवडे मागून घेतले.
सकाळी जॉफचा फोन. नमस्कार वगैरे नाही.
“धरणाचं पाणी यंदा खूप उतरलंय. वही १, पान ३१. गाडी तू चालव.”

४ ऑक्टो.
तीन तास ड्राइव्ह. वाळलेला गाळ, भेगा. पान ३१ वरच्या चित्रातला खडक सापडला, कोपरा झिजलाय एवढंच. वहीतलाच आकडा आला तर वळण खरं, मी फिरवलेला आला तर रेघ सरळ. यंत्र माझं. चकती मी लावली, त्यांनी तपासली, पुन्हा मला तपासायला लावली.
“मी मोजतो. हाक मारेपर्यंत येऊ नकोस.”
मी वीस पावलांवर दगडावर बसून हे लिहितेय. गुडघा टेकायला त्यांना वेळ लागला. मदतीला उठले, तर हातानेच बस म्हणाले.
तीनदा मोजायचं ठरलं होतं. तीन झाले. वहीत काही लिहिलं नाही. टोपी काढून बाजूला ठेवली, चौथ्यांदा यंत्र खडकाला लावलं.
आता पाचव्यांदा.