चौथ्या इंजिनाचा गारठा

तीर्थस्वरूप मामांस,

वाकून नमस्कार. (पाठ धरली आहे, तेव्हा मनानेच वाकलो असे समजावे.) गुडघा कसा आहे? मामींना सांगा, माझे जेवण वेळेवर होते आणि वजन वाढते आहे. त्यांना बरे वाटेल, माझ्या पँटला नाही वाटत.

‘तू तिथे नक्की करतोस काय?’ असे तुम्ही विचारले होते. पहिला आठवडा मलाही तोच प्रश्न होता. आमच्या वीजकेंद्रात गॅसवर चालणारी बारा इंजिने आहेत, एकेक बसएवढे, आणि मी आलो तेव्हा सगळी बंद! तुम्ही उभा जन्म कोळशाच्या केंद्रात काढलात. तिथला बॉयलर विझला की पुन्हा तापायला अख्खा दिवस, म्हणून तो विझूच द्यायचा नाही. इथे उलटे. ऊन आणि वारा वीज देत आहेत तोवर आम्ही गप्प बसायचे, आणि त्यांनी दगा दिला की पाच मिनिटांच्या आत पूर्ण जोर लावायचा. आमच्या पाळीच्या प्रमुखांना सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणतात (उंची माझ्या खांद्याइतकी). त्या म्हणाल्या, “तयार बसणं हेच काम.” मला वाटले, आळसाला काय छान नाव दिले आहे!

मग मी शोध लावला की बंद इंजिनांतूनही दिवसरात्र गरम पाणी फिरते. झोपलेल्याला कशाला हवी शेकोटी? शुक्रवारी सकाळी मी चौथ्याचा हीटर बंद केला. (समोरचा लाल दिवा लागला. तो बिघडला असावा, असे मीच ठरवून टाकले.)

हवामानवाल्यांनी ढग चारला येतील म्हटले होते. ते दीडलाच आले. सौर पट्ट्यांचे ते मोठे शेत बघता बघता झाकोळले. नियंत्रण कक्षातला फोन वाजला: बाराही इंजिने हवीत, लगेच. मामा, भिंतीवरचा वारंवारतेचा आकडा पन्नासवर हवा, हे तुम्हाला मी काय सांगणार. तो खाली घसरत होता. फार घसरला तर वस्त्याच्या वस्त्यांची वीज तोडावी लागते. कोणी लिफ्टमध्ये, कोणी दाताच्या डॉक्टरांकडे तोंड उघडून! मोठ्या बाई चष्मा पुसत उठल्या आणि एकेक इंजिन उठवू लागल्या. चौथे दोनदा खोकले आणि गप्प झाले. त्यांनी एकदा लाल दिव्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. ओरडतील म्हणून मी डोळे मिटले. तेवढ्यात त्या फोनवर शांतपणे म्हणाल्या, “अकरा देते. चौथं गार आहे, चूक आमची. बाकीची जरा ताणून तूट भरते. दोन मिनिटं द्या.”

दोन मिनिटे! त्या टेबलावर पालथा हात ठेवून जमिनीची थरथर जोखत होत्या आणि एकेका इंजिनाला बेताबेताने चढवत होत्या. आकडा थांबला, मग मुंगीच्या पावलाने वर आला. पाऊण तासाने ऊन परतले, तेव्हा तितक्याच हळुवारपणे त्यांनी सगळ्यांना निजवले. मी धावत जाऊन ताईला फोन लावला. ती घरी कपड्यांना इस्त्री करत होती. म्हणाली, “का रे, काही झालं होतं का?” मला रडूच आले. अख्ख्या शहराला कळू नये इतके चांगले काम मी आजवर पाहिले नव्हते.

संध्याकाळी बाईंनी नोंदवहीत लिहिले: ‘चौथे इंजिन गार राहिले. जबाबदारी माझी.’ आणि मला चहा दिला.

तुमचा आज्ञाधारक (निदान पत्रातला),
भाचा

ता.क. खरे काम राहिलेच. गुरुवारी वरून चौकशी येणार आहे आणि बाई एकट्याच सामोऱ्या जाणार आहेत. कबुलीजबाबाचा मसुदा पाठवाल का? दोषी मीच दिसावा, पण बावळट दिसू नये.

पुन्हा ता.क. बावळट दिसलो तरी चालेल. लवकर पाठवा.

शेवटचे ता.क. मसुदा नको. आत्ताच बाईंकडे जाऊन सगळे सांगून आलो. गुरुवारी त्यांच्याशेजारी मीही बसणार आहे. त्यांनी ऐकून घेतले आणि पर्समधून एक चिठ्ठी काढली. हीटर बंद केल्यावर ‘वीज वाचवा’ असे लिहून, खाली सही ठोकून, मीच ती बटणावर चिकटवली होती! तीन दिवस ती त्यांच्याजवळ होती आणि त्या मला रोज चहा देत होत्या. चिठ्ठी परत दिली. ‘वीज’मधला ‘वी’ मी ऱ्हस्व लिहिला होता, तेवढा लाल शाईने दीर्घ केला आहे.