बेस्ट लूझरचा कप, तुमच्या नावाचा

अहो,

ऐकताय ना? तुम्ही असताना तुमच्याशी बोलायला खोलीचं दार उघडावं लागायचं, आता पत्र लिहावं लागतंय. परवा रविवारी खडकीच्या स्पर्धेत तुमच्या नावाचा कप दिला. तो कशासाठी द्यायचा यावरून आपल्या घरात जे रामायण झालं, ते तुम्हाला माझ्याकडूनच कळलेलं बरं. मंदारवर सोडलं तर तो तुम्हाला फक्त फोटो दाखवील.

तुम्ही जगाचे दोन भाग करून ठेवले होते. एका बाजूला बॉक्सिंगचे दर्दी, म्हणजे तुम्ही, तुमचे मित्र सुभेदार आणि खडकीच्या हॉलमधली तुमची दुसरी रांग. दुसऱ्या बाजूला उरलेले सगळे हौशे, नवशे, गवशे. ऑलिंपिकमध्ये आपल्या एखाद्या मुलीला बॉक्सिंगचं पदक मिळणार अशी बातमी आली की आपल्या वाघोलीच्या सोसायटीत वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे बॉक्सिंगतज्ज्ञ व्हायचे. तुम्ही लिफ्टमध्ये त्यांचं मुकाट्याने ऐकून घ्यायचात आणि तळमजला आला की हळूच विचारायचात, "पहिल्या फेरीत ती कोणाशी खेळली होती हो?" समोरचा घाईने लिफ्टबाहेर. मग घरी येऊन चहा जरा जास्तच चवीने प्यायचात. हा आनंद काही चांगला नव्हता, हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

पोटच्या मुलाला, मंदारलाही तुम्ही गवशांतच टाकलंत. तो मोबाइलवर परदेशातल्या मोठमोठ्या लढती बघायचा आणि तुम्हाला येऊन सांगायचा, तर तुम्ही म्हणायचात, "बघणं वेगळं आणि बघत राहणं वेगळं." त्याचा चेहरा पडायचा. जरा गोड बोलला असतात तर काय बिघडलं असतं?

आणि मी कुठल्या भागात होते? ते तुम्ही कधी सांगितलंच नाही. वाघोलीहून दोन बस बदलून खडकीला जायचात, डबा माझ्या हातचा न्यायचात, पण "येतेस का" असं एकदाही विचारलं नाहीत. तुला कंटाळा येईल, हे तुम्हीच ठरवून टाकलंत. अहो, आला असता कंटाळा. तुमच्या शेजारी बसून आला असता.

असो. तर कपाचं सांगते.

तुम्ही गेल्यावर मंदारने ठरवलं, स्पर्धेत बाबांच्या नावाने कप द्यायचा, बेस्ट बॉक्सरचा. चांगला हातभर उंच कप पसंत करून आला. मी म्हटलं, कप दे, पण बेस्ट लूझरचा दे. हरलेल्यांमध्ये जो सगळ्यांत चांगला लढला, त्याला पंच निवडतात आणि सगळ्यांसमोर बोलावून कप देतात, हे तुम्हीच मला मेथी निवडता निवडता सांगितलं होतं. असला मान दुसऱ्या कुठल्या खेळात आहे, असं विचारायचात आणि उत्तराची वाट न बघता परत पेपरात तोंड घालायचात.

मंदार माझ्याकडे बघतच राहिला. "आई, बाबांच्या नावापुढे लूझर? आत्या काय म्हणेल? आणि फोटो ग्रुपवर टाकायचे आहेत."

त्याचंही अगदीच चुकलं असं नाही. तुम्ही कारखान्यात लागल्यावर हौसेने एकच लढत खेळलात आणि ती हरलात. पण ती गोष्ट तुम्ही आल्यागेल्याला अशी सांगायचात, जशी लोक मुलाची नोकरी सांगतात. मंदार शाळेत असताना त्याने मित्रांना सांगितलं होतं की माझे बाबा चॅम्पियन होते. ती मुलं घरी आली आणि तुम्ही त्यांच्या हातात लाडू ठेवत म्हणालात, "छे रे, मी तर आपटलो होतो." मुलं हसली. मंदारने त्या दिवशी लाडू खाल्ला नाही. तुमच्या लक्षात तरी आलं होतं का?

त्यामुळे मी फार ताणलं नाही. वाटलं, मला तरी बॉक्सिंगमधलं काय कळतं? तुमचं नाव चुकीच्या कपावर गेलं तर ते कायमचं जाईल, ही धाकधूक मात्र होती.

शुक्रवारी सुभेदारांचा फोन आला. "वहिनी, आज सेमीफायनल आहेत. त्यांची खुर्ची रिकामी दिसते आहे. बरं वाटत नाही. येऊन बसा."

गेले. एकटीच, दोन बस बदलून. हॉल अर्धाही भरला नव्हता. दुसऱ्या रांगेतले तुमचे सगळे म्हातारे उठून उभे राहिले आणि मला तुमच्या खुर्चीत बसवलं. एकाने पाण्याची बाटली पुढे केली, तेवढंच.

काजल नावाची एक मुलगी निळ्या कोपऱ्यातून खेळत होती. तिच्या नाकावर ठोसा बसला तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तर ती पुढेच सरकत होती. मला वाटलं, हीच जिंकणार. पण पंचांनी लाल कोपऱ्यातल्या मुलीचा हात वर केला. ती तिकडच्या पायऱ्यांनी उतरली, सगळे मोबाइल तिच्यामागे धावले. एवढ्यात आपली दुसरी रांग उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. मीही उभी राहिले आणि त्या लाल मुलीकडे बघून जोरात टाळ्या वाजवल्या. सुभेदारांनी माझ्या कोपराला हात लावला.

"वहिनी, इकडे. ती अजून खाली उतरली नाही."

काजल लाल कोपऱ्यात जाऊन तिथल्या कोचच्या पाया पडली, मग दोरातून वाकून बाहेर आली. तोवर हे सगळे म्हातारे तिच्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. तिचा पाय जमिनीला लागला तेव्हा बसले. सुभेदार म्हणाले, "तुमच्या साहेबांनी पाडलेली पद्धत आहे. हरलेला खाली उतरेपर्यंत बसायचं नाही."

हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? ठोसे, गुण, वजनगट, सगळं ऐकवलंत आणि हेच तेवढं ठेवून घेतलंत!

घरी आले, मंदारला समोर बसवलं. म्हटलं, "बाबा गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. तेराव्यानंतर कोण येतं आपल्याकडे?"

त्याने आठवून पाहिलं. "सुभेदारकाका."

सुभेदारच. दर गुरुवारी येतात, चहा घेतात, कोण कसं खेळलं ते सांगतात आणि जातात. बाकीच्यांनी "खंबीर राहा" म्हणून हात जोडलेली चित्रं पाठवली आणि आपापल्या कामाला लागले. त्यांचा राग नाही, माणसाला कामं असतात. सुभेदारांनी मात्र मला खंबीर राहा असं कधी म्हटलं नाही. हा माणूस आपल्या घरी का येऊन बसतो, ते मला इतके महिने कळलं नव्हतं. शुक्रवारी हॉलमध्ये कळलं. मी अजून खाली उतरले नव्हते हो.

हे मी मंदारला सांगताना रडले. तुमच्यानंतर त्याच्यासमोर पहिल्यांदाच रडले. शनिवारी सकाळी तो गाडी काढून गेला आणि कपावरची पट्टी बदलून आणली.

रविवारी हॉल खचाखच होता. बेस्ट लूझरचा कप म्हणून तुमचं नाव पुकारलं तेव्हा मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. मंदारचे कान लाल झाले, मला दिसले. पंचांनी काजललाच निवडलं होतं. नाक सुजलेलं, आणि कमरेशी धरलेला कप तिच्या छातीपर्यंत आलेला. तिने मंदारला विचारलं, "सर, हे आजोबा कुठल्या वेटला खेळायचे?"

माइक तिथेच होता. मंदार म्हणाला, "एकदाच खेळले. हरले होते."

सगळ्या हॉलने ऐकलं. मागचं हसणं थांबलं की नाही, मला माहीत नाही, कारण मी फक्त त्याच्याकडे बघत होते. त्याने मान खाली घातली नव्हती. तुम्ही असायला हवे होतात, एवढंच सारखं वाटत राहिलं. काजल म्हणाली, "म्हणजे त्यांनी पण मार खाल्लेला," आणि तिने कप नीट काखेत धरला.

नंतर ती मला शोधत आली. "आजी, शुक्रवारी तुम्ही होता ना? मी उतरताना दिसलात. पुढच्या महिन्यात जिल्ह्याची स्पर्धा आहे, कात्रजला. माझी फाइट सकाळीच लागेल. सकाळी कोणी नसतं. मम्मीला बघवत नाही, ती येत नाही."

तिला मी हो म्हणून बसले आहे. तुम्हाला विचारलं नाही, तुम्ही तरी मला कुठे विचारायचात?

तर शब्द देते तुम्हाला. तुमच्यासारखी दर्दी काही मी या जन्मी होत नाही. ठोसा बसला की माझे डोळे मिटणारच. पण त्या सकाळी मी कात्रजला असेन. ती जिंकली तर तिच्याभोवती इतकी माणसं असतील की मला तिच्यापर्यंत पोचता यायचं नाही, तेव्हा मी लांबूनच बघून घरी येईन. आणि हरली, तर त्या रिकाम्या हॉलमध्ये एक म्हातारी उभी दिसेल तिला.

तुमची,
सुमन